तार आधी की झाड आधी? अंगणातल्या झाडावर वीजवाले कुऱ्हाड घेऊन आले तर तुमचा हक्क काय

एप्रिल संपत आला की इंदूरला घरोघरी तोच मेसेज येतो, मेंटेनन्स आहे, सकाळी लाईट बंद राहील. मग गल्लीत गाडी येते, चार-पाच माणसं उतरतात, शिडी लागते, लांब बांबूला बांधलेला कोयता बाहेर येतो आणि पावसाळ्याआधी तारांजवळ आलेल्या फांद्या सपासप खाली येऊ लागतात. काम गरजेचं आहे, ते झालं नाही तर पहिल्याच वादळात अर्धी कॉलनी अंधारात जाते. पण रस्त्यावरचं झाड छाटणं वेगळं आणि तुमच्या कंपाउंडच्या आतलं झाड तुम्हाला न विचारता कापणं वेगळं, आणि हा फरक बऱ्याच घरमालकांना माहीतच नसतो.

माझ्या आत्याचं घर लोकमान्य नगरात. मागच्या अंगणात आंबा आहे, गावठी, लोणच्याच्या कैरीचा. दोन वर्षांपूर्वी दुपारी ती जरा आडवी झाली होती, आवाज आला म्हणून उठून मागे गेली तर झाडाची घराकडची बाजू तशीच आणि तारेकडची बाजू पार खोडापर्यंत साफ. कुणाला विचारून केलंत, तर म्हणे वरून ऑर्डर आहे. ऑर्डरचा कागद दाखवा म्हटलं तर कागद नव्हता. आणि जाताना एकजण म्हणाला, काकू, पुढच्या वर्षी हे पूर्णच पाडावं लागेल. आत्या दोन दिवस नीट जेवली नाही. तिच्या सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे ते.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचून काढला, कायदा काढला, दोन-तीन जाणकारांना विचारलं. जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडतोय, कारण हा प्रश्न फक्त आत्याचा नाही.

आधी तो एक शब्द: सुखाधिकार

तुमच्या घराची रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, काढून बघा. आपल्याकडे ती हिंदीत असते आणि त्यात कुठेतरी 'समस्त सुखाधिकार सहित' असं लिहिलेलं सापडतं. महाराष्ट्रातल्या कागदांत यालाच सुविधाधिकार म्हणतात, इंग्रजीत ईझमेंट. अर्थ एवढाच की जमीन एकाची, पण तिचा एक ठराविक वापर करायचा हक्क दुसऱ्याचा.

मल्हारगंजातले जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. विहीर मागच्या बिऱ्हाडाच्या हद्दीत, पण पुढच्या बिऱ्हाडाला पाणी भरायला त्यांच्या अंगणातून जायचा हक्क. जाऊ देत, कोणी अडवत नाही. पण पाण्याला जाणाऱ्याने वाटेत तुमची तुळस उपटून टाकली तर? हक्क जाण्यायेण्याचा आहे, अंगणाचा नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचा गाभा हाच, आणि वीज, गॅस, पाणी, केबल यांच्या वेगवेगळ्या कायद्यांतही हीच भावना फिरून फिरून येते: वापर त्यांचा, मालकी तुमची, आणि वापर करताना नुकसान कमीत कमी करायचं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. नेटवर या विषयावर शोधलं की सगळं अमेरिकेचंच येतं. तिथे घराच्या कागदातच लिहिलेलं असतं की प्लॉटच्या मागच्या इतक्या फुटांवर वीज कंपनीचा ईझमेंट आहे, बहुतेकदा पूर्वीच्या मालकाने तो दिलेला असतो, आणि मग त्या पट्ट्यातली झाडं छाटायचा कंपनीचा हक्क घराबरोबर नव्या मालकाकडे चालत येतो. आपल्या रजिस्ट्रीत वीज कंपनीच्या नावाचा असा पट्टा सहसा नसतो. आपल्याकडे कंपनीचा हक्क येतो तो कायद्यातून, म्हणून तिथले सल्ले वाचून इथे भांडायला गेलात तर हातात काही येणार नाही.

वीजवाल्यांना झाडाची इतकी भीती का

त्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय आपली बाजू नीट मांडता येत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी आठवा. रिकामी असताना ताठ, ओल्या साड्या टाकल्या की मधे झोल येतो. विजेच्या तारेलाही स्वतःच्या वजनाने झोल असतोच, आणि उष्णतेने तो आणखी वाढतो. धातू तापला की लांबतो. मे महिन्यातली दुपार, वर ऊन, आणि खाली घरोघरी एसी-कूलर चालू असल्यामुळे तारेतून भरपूर करंट जातोय, म्हणजे तार बाहेरून पण तापते आणि आतून पण. सकाळी फांदीपासून लांब दिसणारी तार दुपारी बरीच खाली आलेली असते, त्यात वारा सुटला की ती झुलते आणि फांदीही झुलते. म्हणून लाईनमन जेव्हा सांगतो की ही फांदी तारेला लागतेय आणि आपल्याला तर मधे मोकळी जागा दिसत असते, तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही.

ओलं, हिरवं लाकूड वीज वाहून नेतं. मोठ्या दाबाच्या लाईनीला तर फांदीने टेकायचीही गरज नसते, पुरेशी जवळ आली की मधली हवा ओलांडून ठिणगी उडते. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या, म्हणजे ३ लाख ४५ हजार व्होल्टच्या, तीन लाईनी एकामागून एक तासाभराच्या आत वाढलेल्या झाडांना लागून बंद पडल्या, त्यांचा भार दुसऱ्या लाईनींवर गेला, त्याही पडत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात होते. सुरुवात झाडांपासून झाली होती म्हणून झाडं वाईट असं नाही, छाटणी वेळेवर आणि नीट झाली नव्हती म्हणून.

तेव्हा छाटणी होऊच नये असं माझं म्हणणं नाही. छाटणी कुठवर, कोणत्या कागदावर आणि कोणत्या पद्धतीने, एवढंच भांडण आहे.

तुमच्या डोक्यावरून कोणती तार जातेय

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही, कारण तारेप्रमाणे कायद्याचा रस्ता बदलतो.

खंब्यावरून घरात येते ती एलटी, म्हणजे आपली रोजची २३० व्होल्टची लाईट. खंब्यावर वरच्या आडव्या पट्टीवर चिनीमातीच्या इन्सुलेटरवर तीन उघड्या तारा दिसल्या तर ती बहुधा ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्ट. ३३ केव्ही त्याहून उंच. आणि लोखंडी जाळीचे मोठाले टॉवर, ज्यांना चकत्यांच्या माळा लोंबतात, ती ट्रान्समिशन लाईन, १३२ केव्ही किंवा त्याहून वर. १३२ केव्हीला साधारण २७ मीटर रुंद पट्टा मोकळा ठेवायचा असतो, २२० केव्हीला ३५ मीटर. बायपासच्या पलीकडे नवीन प्लॉट घेताना वर टॉवर लाईन दिसली तर हे आकडे लक्षात ठेवाच.

गल्लीतल्या तारा वितरण कंपनीच्या, टॉवर ट्रान्समिशन कंपनीचे. टॉवरवाल्यांना सरकार २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ खाली खास अधिकार देऊ शकतं, तेच अधिकार जे १८८५ च्या जुन्या तार कायद्यात टेलिग्राफ खात्याला होते. तो तार कायदा नव्या दूरसंचार कायद्याने गेला, पण ट्रान्समिशन लाईनींपुरता त्याचा हा भाग जिवंत ठेवलाय. या अधिकाराखाली लाईन टाकायची असेल तर तुमची आधी संमती लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाईल्स या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तुम्ही अडवलंत तर ते कलेक्टरकडे जातात आणि कलेक्टर परवानगी देऊ शकतो. मात्र नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावीच लागते, आणि रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचा रस्ता मोकळा असतो.

पण इंदूर शहरातल्या बहुतेक घरांचा संबंध टॉवरशी नाही, गल्लीतल्या खंब्याशी येतो, आणि तिथे घरमालकाची बाजू बरीच मजबूत आहे. वितरण कंपनीला तुमच्या जमिनीवरून नवीन लाईन टाकायची असेल तर २००६ च्या लायसन्सी (म्हणजे परवानाधारक वीज कंपनी) कामांच्या नियमांप्रमाणे आधी तुमची संमती लागते. तुम्ही हरकत घेतलीत तर त्यांना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर, किंवा पोलीस कमिशनर किंवा सरकारने नेमलेला अधिकारी यांची लेखी परवानगी आणावी लागते, आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तो निर्णय पटला नाही तर भोपाळला वीज नियामक आयोग आहे. नवीन खंबा तुमच्या हद्दीत गाडायला आले आणि तुम्ही गप्प बसलात तर ही सगळी पायरी आपोआप गळते, मग दहा वर्षांनी झाडावरून भांडत बसावं लागतं. हरकत तेव्हाच घ्या, आणि लेखी घ्या.

खरी गोष्ट: तार आधी की झाड आधी

आता लाईन आहेच, वर्षानुवर्षं आहे, आणि झाडही आहे. मग?

इथे वीज कायद्याचं कलम ६८ येतं, त्यातली पाचवी आणि सहावी उपकलमं. दोनच वाक्यं आहेत पण घरमालकासाठी सगळं त्यांतच आहे. पाचवं सांगतं की ओव्हरहेड लाईनजवळचं झाड विजेला अडथळा करत असेल किंवा करण्याची शक्यता असेल तर कंपनीने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि तो अधिकारी झाड काढायला किंवा त्याचं जे योग्य ते करायला सांगू शकतो. म्हणजे तुमची तयारी नसेल तर 'वरून ऑर्डर आहे' ही ऑर्डर कंपनीच्या साहेबाची असून चालत नाही, कायद्याने सांगितलेल्या अधिकाऱ्याची लागते. सहावं सांगतं की झाड जर लाईन टाकण्याच्या आधीपासून तिथे असेल तर त्या अधिकाऱ्याने झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई द्यायला सांगावं, आणि ती कंपनीकडून वसूल करता येते.

आधीपासून. सगळा खेळ या एका शब्दावर आहे. झाड आधीचं असेल तर भरपाई. तारेखाली तुम्ही नंतर झाड लावलं असेल तर या कलमाखाली भरपाई नाही, आणि ते मला बरोबरच वाटतं, कारण वर तार दिसत असताना खाली वड लावायचा आणि मग पैसे मागायचे हे कुणालाच पटणार नाही.

आणि झाड म्हणजे फक्त मोठं झाड नाही. कायद्याने त्यात झुडूप, कुंपणाची हेज, इतर रोपं सगळं धरलंय. तेव्हा मेंदीचं कुंपण किंवा पारिजातक असला तरी हाच नियम.

प्रत्यक्षात काय होतं? प्रत्येक फांदीसाठी कुणी दंडाधिकाऱ्याकडे जात नाही, आणि दोन फांद्यांसाठी आपणही हट्ट धरू नये असं मला वाटतं. आपण हो म्हटलं की विषय संपतो, त्याला कुणाची हरकत नाही. पण पूर्ण झाड पाडायची गोष्ट आली, किंवा अर्ध्याहून जास्त पसारा काढायचा म्हणाले, तर तिथे थांबा आणि शांतपणे विचारा, कलम ६८ खालचा आदेश आहे का? आत्याने दुसऱ्या वर्षी एवढंच विचारलं होतं. ती माणसं फोन लावायला बाजूला गेली, मग म्हणाली नंतर येतो.

झाड आधीचं होतं हे दाखवायचं कसं

झाडाला जन्मदाखला नसतो, त्यामुळे पुरावा आपणच जमवायचा.

आमच्याकडे निघाला तो मुंजीचा फोटो. आत्येभावाची मुंज १९८६ ला त्याच अंगणात झाली, मांडव घातला होता, आणि मांडवाच्या मागे आंबा स्वच्छ दिसतोय, चांगला बुंधा भरलेला, आणि वर आकाश मोकळं, एकही तार नाही. त्या फोटोमागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का आहे. चाळीस वर्षं ट्रंकेत पडलेला फोटो असा कामाला येईल हे कुणाला वाटलं असतं. तुमच्याकडेही असेल, डोहाळजेवण, वास्तुशांत, मुलांचे वाढदिवस, मागे झाड आहे का आणि तार आहे का एवढंच बघायचं.

फोटो नसला तर गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो बघता येतात, झाडाचा पसारा वरून ओळखू येतो. वनखात्यातून किंवा कृषी कॉलेजातून निवृत्त झालेला कुणी ओळखीचा असेल तर बुंध्याचा घेर मोजून वयाचा अंदाज लेखी देऊ शकतो, अंदाज म्हणूनच द्यायचा, पण तोही कागद होतो. शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांचं लेखी म्हणणंही ठेवा.

आणि लाईन कधी आली? हे कंपनीच्याच रेकॉर्डमध्ये असतं. २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं एकच: आमच्या घरामागून जाणारी अमुक फीडरची लाईन कोणत्या तारखेला चार्ज झाली, म्हणजे तिच्यात पहिल्यांदा वीज कधी सोडली, आणि ती आमच्या हद्दीवरून नेताना कोणाची संमती किंवा परवानगी घेतली, त्याची प्रत. उत्तर आलं तर तारीख मिळते. 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं आलं तरी तो कागद जपून ठेवा, परवानगी होती असं उद्या कुणी म्हणालं तर तोच दाखवता येतो.

हे सगळं झाड धोक्यात आल्यावर नाही, आत्ता करून ठेवायचं. कोयता गेटवर आल्यावर ट्रंक उघडायला वेळ नसतो.

"मी गेटच उघडलं नाही तर?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते.

कलम १६३ प्रमाणे जिथे कंपनीची लाईन कायदेशीरपणे टाकलेली आहे किंवा जिथे वीजपुरवठा आहे, तिथे तपासणी आणि दुरुस्तीसाठी वाजवी वेळी, घरच्यांना कळवून, आत यायचा त्यांना हक्क आहे. तुम्ही नाही म्हणालात तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर ते तुमची लाईट बंद करू शकतात, आणि तुम्ही नकार देत राहाल तितका वेळ बंद ठेवू शकतात. म्हणून गेटला कुलूप घालून बसू नका. येऊ द्या, लाईन बघू द्या, ओळखपत्र विचारा, नाव आणि वेळ लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. आत येणं आणि झाड तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्याला हो म्हणून दुसऱ्याला लेखी हरकत घेता येते.

"मग हरकत घेतली, भरपाई मागितली, तर रागाने लाईट कापतील का?" आत्याला हीच भीती होती. बिल थकलं असेल तर कलम ५६ खाली, तेही १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, लाईट कापता येते. तुम्ही अर्ज केला किंवा दंडाधिकाऱ्याकडे गेलात म्हणून लाईट कापायचा अधिकार कायद्यात कुठेही नाही. तेव्हा बिल वेळेवर भरत राहा, आणि पावत्या एका फाईलला लावा.

एक हात जोडून सांगणं आहे, भांडणाच्या भरात स्वतः शिडी लावून फांदी कापायला जाऊ नका. ओल्या फांदीतून करंट येतो आणि माणूस शिडीवरून खाली पडायच्या आधीच गेलेला असतो. १९१२ वर फोन करा, सप्लाय बंद करून घ्या, मगच कुणीतरी हात लावायचा.

"झाड माझंच आहे ना, मग मीच पाडून मोकळा होतो"

काहीजण कंटाळून असं करतात. पण मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, वृक्षांचे परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, आणि त्याप्रमाणे खाजगी जागेतलं झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. इंदूरला त्यासाठी निगमात, म्हणजे महापालिकेत, अर्ज करावा लागतो. म्हणजे झाडाचे मालक तुम्ही, पण झाडावर शहराचाही थोडा हक्क मानलाय, आणि मला तरी ते योग्य वाटतं. १४ जुलै २०२४ ला याच शहराने रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लावली, लोक पहाटेपासून रांगा लावून गेले होते, आमच्या घरातले तिघं गेले होते. त्यातलं प्रत्येक रोप आत्याच्या आंब्याएवढं व्हायला अजून चाळीस वर्षं आहेत.

दुसरी गोष्ट, आधी खात्री करा की झाड खरंच तुमचं आहे. कंपाउंडच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला तुमच्या आजोबांनी लावलेला कडुनिंब तुम्ही पाणी घालून वाढवला असेल, पण जागा रस्त्याची असेल तर झाडाचा मालक निगम. तिथे कलम ६८ ची भरपाई तुम्हाला नाही. नकाशात प्लॉटची माप बघून टेप लावून मोजा, अर्धी भांडणं इथेच मिटतात.

छाटायचंच आहे तर नीट छाटा

हे कायद्याचं नाही, झाडाचं आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं याच अज्ञानाने मरतात.

नख कापणं आणि बोट कापणं यात जेवढा फरक, तेवढा फरक योग्य आणि अयोग्य छाटणीत. फांदी जिथून खोडाला फुटते तिथे एक फुगीर कडं असतं. त्या कड्याच्या जरा बाहेर करवतीने कापलं तर झाड ती जखम हळूहळू स्वतः बुजवतं. मधेच कुठेतरी कोयत्याने तोडलं तर खुंट राहतो, तो कुजतो, आत पाणी जातं, आणि त्या खुंटातून कच्च्या, सरळ, झपाट्याने वाढणाऱ्या फांद्यांचा झुबका फुटतो जो वर्षभरात परत तारेला जाऊन भिडतो. शेंडा सपाट उडवला की नेमकं हेच होतं, म्हणजे कंपनीचंही काम वाढतं आणि झाडही जातं. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पसारा काढला की झाड उपाशी पडायला लागतं. म्हणून मागणी अशी करा की तारेच्या दिशेने वाढणाऱ्या फांद्या तेवढ्या कड्यापाशी काढा, बाजूला जाणाऱ्या ठेवा. झाडाला वळण लावायचं, त्याचं डोकं उडवायचं नाही.

आणि खरं उत्तर झाडाच्या बाजूला नाहीच, तारेच्या बाजूला आहे. उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे रबरासारखं आवरण असलेल्या तारा पिळून केलेली जाड केबल, टाकली तर फांदीचा स्पर्श लगेच धोक्याचा राहत नाही आणि मोकळी जागाही कमी लागते. गल्लीतल्या एलटी लाईनला हे सहज होतं आणि इंदूरच्या कितीतरी कॉलन्यांत झालेलं आहे. तुमच्या गल्लीत उघड्या तारा असतील तर दहा घरांनी मिळून सह्या करून झोनवर, म्हणजे वीज कंपनीच्या भागातल्या ऑफिसात, अर्ज द्या. एकट्याच्या झाडासाठी लाईन हलवायला गेलात तर एस्टिमेट तुमच्या नावाने निघतं आणि खर्च अंगावर येतो, कॉलनीची मागणी म्हणून गेलात तर ऐकून घेतात.

भरपाई कितीशी मिळणार, आणि कशाची

सरसकट दर नाही. केरळ वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सगळ्यांना एकच गणित लावता येणार नाही, जागा कुठे आहे, लाईन कशी जाते, उरलेल्या जमिनीचा वापर किती कमी झाला, हे प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं. फळझाडाचं गणित साधारण असं मांडतात, झाड वर्षाला काय देतं आणि अजून किती वर्षं दिलं असतं. म्हणून आत्ता आत्या दर वर्षी किती किलो कैरी निघाली ते कॅलेंडरवर लिहून ठेवते, आणि कुणाला विकली तर चिठ्ठी घेते. लाकूडही तुमचं, वापराच्या हक्कात लाकूड येत नाही, तेव्हा ट्रॉली भरायला लागले तर तेही लेखी नोंदवा.

टॉवर लाईनची भरपाई वेगळी. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के असं धरलंय, ६६ केव्ही आणि वरच्या लाईनींसाठी. त्या आपापल्या पद्धतीने स्वीकारायच्या की बदलायच्या हे राज्यांवर सोडलंय, आणि हे पैसे जमिनीचे आहेत, झाडाचे त्यात बुडवू देऊ नका, वेगळे मागा.

गॅस आणि तेलाच्या मोठ्या पाईपलाईनी असतील तर १९६२ चा कायदा लागतो आणि तो कडक आहे, पट्ट्यावर नंतर झाड लावायलाच बंदी असते. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची, तो काळ गेला की फार काही उरत नाही. नुकसानभरपाई वेगळी आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के वेगळे. मोबाईल आणि फायबरवाल्यांचं उलट, खाजगी जागेसाठी त्यांनी तुमच्याकडे मागायचं आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. त्यांनी मुळं तोडून चर खणला तर तीन-चार वर्षांनी झाड वादळात कोलमडतं आणि तेव्हा कुणाला चर आठवत नाही, म्हणून आधीच लिहून घ्या की बुंध्यापासून इतक्या फुटांत खणणार नाही.

अर्ज कसा द्यायचा

एक पान पुरे. हिंदीत लिहा, कारण वाचणारा हिंदीत वाचणार आहे. वर तुमचा आयव्हीआरएस नंबर (वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक), पत्ता, झाड कोणतं, किती वर्षांचं, लाईनपासून किती अंतरावर. मग तीन वाक्यं: तारेला लागणाऱ्या फांद्या सप्लाय बंद करून करवतीने काढायला आमची संमती आहे; पूर्ण झाड काढायला संमती नाही, त्यासाठी कलम ६८(५) खालचा आदेश आणि निगमाची परवानगी दाखवावी; झाड लाईनच्या आधीचं असल्याने कलम ६८(६) प्रमाणे भरपाईचा हक्क आम्ही राखून ठेवतो. सोबत जुन्या फोटोची झेरॉक्स. एक प्रत झोनच्या जेई साहेबांना (कनिष्ठ अभियंता), एक एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) ऑफिसला, एक निगमाच्या उद्यान विभागाला. दाद लागली नाही तर इंदूरलाच वीज ग्राहकांचा तक्रार निवारण फोरम आहे, त्यावर भोपाळला लोकपाल.

आत्याचा अर्ज गेल्या मार्चमध्ये गेला. मे महिन्यात माणसं आली ती दुसरी होती, अर्जाची प्रत बघितली, दोनच फांद्या काढल्या, कड्यापाशी, करवतीने. कापलेल्या बाजूला या वर्षी पालवी फुटलीये, मोहर अजून नाही. अर्जाच्या आत्याकडच्या प्रतीवर आवक नंबर आहे, तारीख आहे, गोल शिक्का आहे, कारण तो शिक्का बसेपर्यंत ती काउंटरवरून हललीच नव्हती.